जीर्णोद्धार की पुरावानाश? जुन्या जेट स्कीच्या ‘मूळ स्थिती’विषयी

१/ जुन्या यंत्रांच्या छायाचित्रांखाली हल्ली एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : ‘पूर्णतः मूळ स्थितीत आणले.’ छायाचित्रात पन्नास वर्षांपूर्वीची जेट स्की असते आणि ती कालच कारखान्यातून निघाल्यासारखी झळकत असते. आपण कौतुकाने थांबतो, शाबासकी देतो, पुढे जातो. माझे म्हणणे असे की, इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी जरा संशयाने थांबावे. तो संशय कशाचा, हे या धाग्यात सविस्तर मांडायचे आहे.

२/ प्रथम वस्तूची ओळख. गोव्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे, मोटारसायकलसारखे बसून चालवायचे जलवाहन आपण जेट स्की म्हणून ओळखतो. ‘जेट स्की’ हे मुळात कावासाकी कंपनीचे व्यापारी नाव. १९७३ साली ज्या वाहनाला ते लाभले, त्यावर बसण्याची सोयच नव्हती. मागे उभे राहण्यापुरता उघडा पाट, पुढे बिजागरीवर वरखाली होणारा दांडा, दांड्याच्या टोकाला हँडल आणि चालवणारा एकटा.

३/ यंत्रणा साधी होती. कवचाच्या पोटात सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन. ते इम्पेलर फिरवते, तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते आणि मागच्या तोंडातून झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते. हँडल वळवले की झोताचे तोंड वळते. बाहेर उघडा पंखा नाही, सुकाणू नाही. चालवणारा पाण्यात पडला की वाहन मंद गतीने गोल फिरत राहते, म्हणजे पोहत जाऊन ते पुन्हा पकडता येते.

४/ आता इतिहास. ‘या जातीचे जगातील पहिले वाहन १९७३ चे’ असे अनेकदा ठोकून दिले जाते. ते खरे नाही. मोटारसायकलींसाठी ख्यातकीर्त असलेल्या ब्रिटनच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात ‘अमांडा’ नावाचे फायबरग्लासचे छोटे जलवाहन बाजारात आणले होते. लहानसे टू-स्ट्रोक इंजिन, बेताची गती, पाणी रेटणारा साधा पंखा. व्हिन्सेंटच्या मोटारसायकलींवर ग्रंथ लिहिले गेले. अमांडा मात्र तळटीपेतच राहिली.

५/ पाण्याच्या झोताची कल्पनाही १९७३ ची नव्हे. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्याच दशकात तेथील उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी झोतावर चालणारी नौका सिद्ध केली. जिथे उघडा पंखा दगडावर आपटून मोडला असता, तिथून ही नौका निर्धास्त जाई. १९६० मध्ये तर अशा नौकांनी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीचा प्रवाह उलट दिशेने कापून दाखवला.

६/ या दोन धाग्यांची गाठ मारली ती अमेरिकेतील क्लेटन जेकबसन (दुसरे) यांनी. हे गृहस्थ मोटारसायकलच्या शर्यतींचे शौकीन. खडकाळ जमिनीवर आपटून कातडी सोलून घेण्यापेक्षा पाण्यावर पडणे बरे, या विचारातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पहिला नमुना घडवला तो अ‍ॅल्युमिनियमचा. त्याचे हँडल एका जागी स्थिर होते. पुढचा नमुना फायबरग्लासचा झाला.

७/ जेकबसन यांच्याकडून परवाना घेऊन कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ बाजारात आणले. बर्फावर धावणारे ‘स्की-डू’ विकणारी हीच ती कंपनी, म्हणून नावातही साम्य. हे वाहन बसून चालवायचे होते. ते बाजारात टिकले नाही, आणि दोनेक वर्षांतच कंपनीने तो नाद सोडला. ‘सी-डू’ हे नाव पुन्हा पाण्यावर अवतरले ते थेट १९८८ मध्ये.

८/ त्यानंतर जेकबसन कावासाकीकडे वळले. १९७३ साली कंपनीने उभ्याने चालवायची दोन प्रारूपे एकदम बाहेर काढली : डब्ल्यूएसएए आणि डब्ल्यूएसएबी. एकाचा तळ सपाट, दुसऱ्याचा मध्यरेषेकडे उतरता. संख्या मर्यादित, कवच हाताने थर देऊन घडवलेल्या फायबरग्लासचे. हे वाहन पुढे जगभर गेले. त्याच्या हक्कांवरून संशोधक आणि कंपनी यांच्यात न्यायालयीन वादही झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालला.

९/ मोठ्या प्रमाणावरील उत्पादन त्यानंतरचे. १९७६ ची जेएस ४००, मग जेएस ४४०, १९८२ ची जेएस ५५०. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी ही वाहने बनू लागली, हा इतिहासाचा एक विनोदच. आता कवच हाताने थर देऊन बनत नव्हते. काचतंतू आणि राळ यांचे मिश्रण साच्यात घालून, उष्णता व दाब देऊन ते घडवले जाई. प्रयोगशाळेतून वस्तू कारखान्यात गेली, ती येथे.

१०/ एवढा इतिहास सांगितला तो एका प्रश्नासाठी. या मालिकेत ‘मूळ’ कोणते? अ‍ॅल्युमिनियमचा नमुना? १९७३ चा सपाट तळ? त्याच वर्षीचा उतरता तळ? की साच्यातून निघालेली जेएस ४००? एकाच वर्षी दोन वेगवेगळे तळ विकायला काढणारी कंपनी काय सांगत असते? ती सांगत असते की कोणता बरा, याचा आपला निर्णय अजून झालेला नाही, तो ग्राहकच करतील.

११/ म्हणजे १९७३ ची जेट स्की ही पूर्णत्वाला पोहोचलेली वस्तू नव्हती. ती एक शंका होती, चाचपणी होती. हाताने दिलेल्या थरांचे उंचसखल, आतल्या बाजूस उघडे राहिलेले तंतू, कडांची असमानता ही त्या चाचपणीची अक्षरे आहेत. आणि आजचा हौशी जीर्णोद्धारक सर्वप्रथम काय करतो? पॉलिश पेपर घेऊन नेमकी तीच अक्षरे पुसतो.

१२/ माझा मुख्य आक्षेप येथे आहे. कवच घासायचे, लांबी भरायची, आरशासारखा रंग चढवायचा, नवे छापलेले स्टिकर लावायचे, प्रत्येक बोल्ट चमकवायचा, आणि या सगळ्याला ‘मूळ स्थिती’ म्हणायचे. अशी झळाळी त्या वाहनाला कारखान्यातून निघाल्या दिवशीही नव्हती. जी स्थिती कधीच अस्तित्वात नव्हती तिला ‘मूळ’ म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे, ते ऐतिहासिक असत्य आहे.

१३/ हे असत्य निरुपद्रवी नाही. ती झळाळी पाहणारा तरुण काय समजतो? १९७३ मध्ये एका बलाढ्य कंपनीने आत्मविश्वासाने एक परिपूर्ण वस्तू जगापुढे ठेवली, असे. त्यात जेकबसन यांचे अ‍ॅल्युमिनियमचे धडपडलेले नमुने नाहीत, कॅनडातील फसलेला डाव नाही, अमांडा नाही. नफ्याची कथा उरते, प्रयत्नांची कथा जाते. जाहिरातीला जे साधले नसते, ते हौशी माणूस स्वखर्चाने साधून देतो.

१४/ आता वस्तूवर नेमके कोणते पुरावे असतात ते पाहू. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या नौकांवर बारा अक्षरांचा ओळखक्रमांक असणे बंधनकारक झाले. त्यातून निर्माता, अनुक्रम आणि कालखंड कळतो. म्हणजे १९७३ ची जेट स्की ही क्रमांक मिरवणाऱ्या पहिल्या पिढीतली. रंगाच्या जाड थराखाली तो क्रमांक बुजवणे म्हणजे शिलालेखावर चुना फासणे. कायद्याची अडचण आहे ती वेगळीच.

१५/ दुसरा पुरावा झिजेचा. पाटावर पायांच्या जागा कुठे झिजल्या यावरून चालवणारा कसा उभा राहत असे ते दिसते. तळावरचे ओरखडे सांगतात की वाहन वाळूवर ओढले गेले की दगडांवर आदळले. हँडलच्या दांड्याची बिजागरी एका बाजूने सैल झाली असेल, तर शरीराचा तोल कोणत्या बाजूला जाई ते कळते. छापील पुस्तिकेत यातले काही सापडत नाही.

१६/ तिसरा पुरावा फेरफारांचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. शर्यतीत उतरणाऱ्यांनी या वाहनांचे कार्ब्युरेटर बदलले, सायलेन्सर बदलले, तळाच्या जाळ्या बदलल्या, कवचात नवी भोके पाडली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतींत फेरफार न केलेल्या आणि केलेल्या वाहनांसाठी वेगवेगळे गट असत. म्हणजे फेरफार हा त्या वस्तूवरचा अत्याचार नव्हता. तो खेळाच्या नियमांनी ओळखलेला, तिच्या जीवनाचा भाग होता.

१७/ अशा वाहनावरचे १९८० च्या दशकातले भोक बुजवून ‘मूळ’ केले, म्हणजे काय झाले? कारखान्यातला एक दिवस परत मिळवण्यासाठी पाण्यावरची दहा वर्षे खोडली. बखरीच्या समासातली जुनी टिपणे खोडून ‘प्रत शुद्ध केली’ असे कुणी म्हटले, तर आपण काय म्हणू? यंत्राबाबत मात्र हाच प्रकार आपण टाळ्या वाजवून पाहतो.

१८/ हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक यांनी जुन्या वास्तूंना अशी परिपूर्णता देण्याचा पुरस्कार केला, जी कोणत्याही एका काळी प्रत्यक्षात असेलच असे नाही. कार्कासोनच्या तटबंदीवर त्यांनी चढवलेल्या टोकदार, पाटीच्या दगडाच्या छपरांवर आजही टीका होते. पाहणाऱ्याला ती मध्ययुगातली वाटतात. ती एका बुद्धिमान वास्तुविशारदाच्या मनातली असतात.

१९/ उलट बाजूस इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चच्या भिंतींवरचे जुने लेप खरवडून काढण्याची तेव्हा लाट होती. त्यामुळे या संस्थेला टोपणनावच पडले ‘खरवड-विरोधी’. पॉलिश पेपर हाती घेणाऱ्या प्रत्येकाने हे नाव कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

२०/ आपल्याकडेही हा विचार शंभर वर्षे जुना आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या जतन-नियमावलीत स्पष्ट बजावले होते की, अस्सलपणा गेला की वास्तूचे ऐतिहासिक मूल्य गेले, म्हणून पहिले कर्तव्य राखण्याचे, नवे करण्याचे नव्हे. गडाच्या जुन्या चिऱ्यांवर सिमेंट दिसले की आपला जो संताप होतो, तो याच तत्त्वातून येतो. मग तो संताप चिऱ्यापाशीच का संपावा?

२१/ १९६४ च्या व्हेनिस सनदेने हे तत्त्व जगभर मान्य करवले. तिचा आशय असा : जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर आदराने राखली पाहिजे, नव्याने बसवलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. या तीन कसोट्या ‘मूळ स्थितीत’ आणलेल्या कोणत्याही जेट स्कीला लावून पाहा. बहुतेक तिन्हींत नापास होतील.

२२/ परंतु जेट स्की ही वास्तू नव्हे. रस्त्यावरच्या जुन्या वाहनांसाठी पुढे तुरिनची सनद आली, परंपरागत जहाजांसाठी २००२ ची बार्सिलोना सनद. उभ्याने चालवायचे फायबरग्लासचे खेळाचे वाहन या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येतही सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे पन्नास वर्षांच्या वस्तूला ना सनद, ना कायदा. तिचे भवितव्य केवळ मालकाच्या विवेकावर.

२३/ आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप : ‘यंत्र हे चालवण्यासाठी असते. न दुरुस्त करता ठेवले तर ते नासेल.’ यातले अर्धे मला पूर्ण मान्य आहे. कवचातला तरंगत ठेवणारा फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर काढावाच लागेल. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉलपुढे जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत, त्या बदलाव्याच लागतील. इंजिनाची सील गळत असतील तर नवी हवीत. ही दुरुस्ती झाली. दुरुस्तीला माझा विरोध नाही.

२४/ विरोध आहे तो दुरुस्तीच्या आडून येणाऱ्या पुनर्जन्माला. रबरी नळी बदलण्याने इतिहास खोटा ठरत नाही, कारण नळी ही झिजून बदलण्यासाठीच बनलेली असते. कवचाचा पृष्ठभाग घासल्याने मात्र तो कायमचा जातो. नळी पुन्हा मिळेल, ओरखडा पुन्हा मिळणार नाही. जे परत आणता येत नाही त्याला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा, एवढाच हा नियम आहे.

२५/ सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. सुरुवातीच्या वाहनांचा भर ‘पडल्यावर गोल फिरत राहण्या’वर होता. मनगटाला बांधायची, पडताच इंजिन बंद करणारी दोरी पुढे सर्रास झाली. मूळपणाच्या हट्टापायी ती दोरी नाकारू नये. लावावी, पण नवे भोक न पाडता, उद्या काढता येईल अशी लावावी, आणि ती नंतरची भर आहे हे सांगावे. जीव आणि पुरावा दोन्ही वाचतात.

२६/ दुसरा आक्षेप : ‘वस्तू माझी, पैसा माझा, तुम्ही कोण?’ कायद्याने हे बरोबर आहे. आवडेल तो रंग द्या, हवे ते इंजिन बसवा, मजा करा. कुणी अडवणार नाही. पण मग त्यावर ‘मूळ स्थिती’ असे लिहू नका. ते शब्द मालकीच्या हक्कात येत नाहीत. ते भूतकाळाविषयीचे विधान आहे, आणि भूतकाळाविषयीच्या विधानाला पुरावा मागण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे.

२७/ तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. ‘अस्सलपणा जुन्या द्रव्यातच असतो, ही पाश्चात्त्य समजूत आहे. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, तरी ते प्राचीनच मानतात.’ खरे आहे. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कल्पना संस्कृतीनुसार वेगळ्या असू शकतात हे मान्य केले. आपल्या देवळांच्या जीर्णोद्धारामागेही असाच भाव आहे.

२८/ पण इसेचे उदाहरण नीट पाहा. २०१३ साली तेथे झालेली पुनर्बांधणी बासष्टावी होती. ‘बासष्टावी’ हा शब्दच सगळे सांगतो. तिथे मोजणी आहे, नोंद आहे, पिढ्यान्पिढ्या जपलेली कारागिरी आहे, आणि इमारत नवी आहे हे कोणापासूनही लपवलेले नाही. नवे लाकूड जुने म्हणून विकले जात नाही. इसे माझ्या विरोधात साक्ष देत नाही. प्रामाणिक नूतनीकरण कसे असते, ते दाखवते.

२९/ आणखी एक गोष्ट झळाळीखाली दबते : या वाहनांविषयीचा राग. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर, न जळता पाण्यात जाणारे इंधन आणि तेल, कान किटवणारा आवाज. १९९९ साली कॅलिफोर्निया-नेव्हाडा सीमेवरील टाहो सरोवरात जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांवर बंदी आली, ती उगाच नव्हे. मूळ स्थितीचा इतका आग्रह असेल, तर ही बाजूही सांगावी. स्टँडवर मूक उभे राहिलेले चकचकीत वाहन ती सांगत नाही.

३०/ मग करावे काय? पाच नियम सुचवतो. एक : स्क्रू-ड्रायव्हर उचलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, क्रमांक टिपा, प्रत्येक भोक मोजा. दोन : ‘मूळ’ म्हणण्याऐवजी वर्ष सांगा. ‘१९७६ च्या कारखान्याच्या रूपात’ किंवा ‘१९८४ च्या शर्यतीच्या रूपात’. तीन : काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपा. तुटका असला तरी.

३१/ चार : नवा भाग बसवला तर त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरा. बाहेरून शोभेत उणेपणा येत नाही आणि उद्याचा अभ्यासक फसत नाही. पाच : एकाच प्रकारची दोन वाहने हाती असतील, तर एकावर हौस भागवा आणि दुसरे, कमी देखणे, जसेच्या तसे राखा. धुवा, सुकवा, झाका आणि सोडून द्या. हे न केलेले काम कधीकधी सर्वांत मोलाचे ठरते.

३२/ कुणी म्हणेल, एका खेळण्यासाठी एवढा खल कशाला? उत्तर असे : संग्रहालये तलवारी जपतात, नाणी जपतात, ताम्रपट जपतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील माणसाने सुट्टीच्या दिवशी काय केले, हे सांगणाऱ्या फायबरग्लासच्या वस्तूंना तिथे क्वचितच जागा मिळते. त्या अंगणात, गोदामात, भंगारवाल्याकडे असतात. त्यांचा अभिलेखागार म्हणजे हौशी मालक. तो चुकला तर दुसरी प्रत नाही.

३३/ आणि अभिलेखागाराच्या रक्षकाला जे शोभत नाही, ते त्यालाही शोभत नाही. कागद पिवळा पडला म्हणून कोणी पुन्हा टंकलिखित करून जुना जाळत नाही. दस्तऐवजात खाडाखोड आहे म्हणून तो गिरवून स्वच्छ करत नाही. खाडाखोडीतूनच तर लिहिणाऱ्याचे मन कळते. १९७३ च्या त्या ओबडधोबड कवचात एका माणसाची आणि एका कंपनीची खाडाखोड आहे. ती वाचायची की पुसायची, एवढाच प्रश्न आहे.

३४/ तेव्हा पुढच्या वेळी ‘पूर्णतः मूळ स्थितीत’ असे वाचाल, तेव्हा खाली नम्रपणे तीन प्रश्न विचारा. कोणत्या वर्षीच्या स्थितीत? कशावरून? आणि आधीची छायाचित्रे कुठे आहेत? ज्याने काम प्रामाणिकपणे केले असेल तो आनंदाने उत्तर देईल, कदाचित तासभर बोलेल. जो चिडेल, त्याने काय पुसले ते तुम्हाला कळले असेलच.

३५/ धागा येथे संपतो. तुमच्या घरी, आजोळी, गावच्या धक्क्यावर एखादे जुने यंत्र, होडी वा वाहन पडून असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याची छायाचित्रे घ्या आणि ज्यांनी ते वापरले त्यांना विचारून माहिती लिहून ठेवा. वाटल्यास ती येथे मांडा. मतभेद असतील तर तेही मांडा. पुराव्यासह मांडलात तर अधिकच आनंद होईल.